पाण्यातली भाजी आणि मुळांचा श्वास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि त्यानंतर आजवर चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याचा प्रसंग हळदीकुंकवाच्या उखाण्यापलीकडे आला नाही. पण आपल्या चिटणीसबाईंनी गळ घातली की, "तुमच्या गच्चीवर टबात भाजी होते, त्याबद्दल पंधरा मिनिटे बोला." नाही म्हणणे मला जमले नाही. आणि खरे सांगायचे तर नाही म्हणावेसे वाटलेही नाही. कारण गेल्या सभेत एक सूचना आली आहे, ती आपणां सर्वांना ठाऊक आहे. मंडळाच्या शिलकीतले दीड लाख रुपये घालून पाण्यावरच्या भाजीचा मोठा संच घ्यावा, अशी ती सूचना आहे. पुढच्या सभेत त्यावर हात वर करायचे आहेत. हे पैसे आपण पापड-कुरडया लाटून, दिवाळीचा फराळ विकून अकरा वर्षांत जमवले आहेत. तेव्हा हात वर करण्याआधी ही शेती कशावर जगते आणि कशाने मरते, एवढे तरी आपणांला माहीत असावे. मला दोन वर्षांत जे दिसले आणि जे वाचून-विचारून कळले, ते सांगते.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. वीस लिटरचा एक टब घ्यायचा. त्यावर घट्ट बसेल असे झाकण. झाकणाला सहा भोके. प्रत्येक भोकात जाळीची एक लहान वाटी आणि वाटीत रोप. रोपाची पाने झाकणावर, मुळे खाली पाण्यात. पाण्यात झाडाला लागणारे क्षार विरघळवलेले. आणि मासे पाळतात त्या काचेच्या पेटीत बुडबुडे सोडणारा जो लहान पंप असतो, तसा पंप रात्रंदिवस त्या पाण्यात हवा सोडत असतो. झाले. माती नाही, कुंडी नाही, खुरपणी नाही.

मी याकडे वळले त्याचे कारण साधे आहे. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरमालकांनी आधीच बजावले होते की गच्चीवर माती चढवायची नाही, स्लॅब गळतो. माझे माहेर दिंडोरीकडचे, द्राक्षबागेतले. हिरव्या पानावाचून मला करमत नाही. नाशिकच्या एका कृषी प्रदर्शनात असा टब पाहिला आणि मनात भरला. सासूबाई म्हणाल्या, "मातीवाचून भाजी म्हणजे आईवाचून लेकरू." आता त्याच रोज सकाळी झाकण उचलून मुळे पाहतात, हा भाग वेगळा!

आता मुख्य गोष्ट. प्रत्येकीला पहिला प्रश्न हाच पडतो की मुळे सदा पाण्यात बुडाली तर कुजत कशी नाहीत? प्रश्न अगदी बरोबर आहे. तुळशीच्या कुंडीचे खालचे भोक बुजले तर काय होते ते आपण पाहिले आहे. पाणी साचते, पाने पिवळी पडतात आणि तुळस जाते. अतिवृष्टीत सोयाबीनच्या शेतात चार दिवस पाणी तुंबले की पीक बसते, हेही आपण पाहतो. आपण म्हणतो, पाणी जास्त झाले. खरे म्हणजे पाणी जास्त झाल्याने मूळ मरत नाही, हवा संपल्याने मरते.

मुळांनाही आपल्यासारखा श्वास लागतो. पाने उन्हात साखर तयार करतात आणि ती खाली मुळांकडे पाठवतात. मुळे हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने ती साखर जाळतात आणि त्यातून आलेल्या बळावर क्षार आत ओढतात. प्राणवायू नसला तर चूल विझल्यासारखे होते. क्षार आत येत नाहीत आणि थोड्या वेळाने पाणीसुद्धा नीट आत येत नाही. म्हणून बुडालेले झाड पाण्यात उभे असूनही तहानेने मान टाकते. पुष्कळ जणी अशा वेळी त्याला आणखी पाणी घालतात. रोग एक आणि औषध दुसरे, असा तो प्रकार होतो.

मग भात पाण्यात कसा जगतो? कमळ कसे जगते? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. कमळकाकडी चिरताना आत गोल गोल भोके दिसतात ना? त्या हवेच्या वाटा आहेत. वर पानांनी घेतलेली हवा त्या वाटांनी चिखलातल्या भागापर्यंत पोचते. भाताच्या खोडातही अशा बारीक वाटा असतात. पालक, पुदिना, सॅलडची पाने यांना निसर्गाने अशा भरपूर वाटा दिलेल्या नाहीत. म्हणून ते काम आपल्याला पंपाने करावे लागते.

एक हिशेब सांगते, म्हणजे हे किती नाजूक आहे ते कळेल. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, पाणी २५ अंश उष्णतेचे असेल तर, फार झाले तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. म्हणजे हवेच्या मानाने पाणी हे प्राणवायूच्या बाबतीत अगदी गरिबाघरचे कोठार आहे. त्यातून पाणी तापले की कोठार आणखी लहान होते. २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातच्या आत. आणि गंमत अशी की पाणी तापले की मुळांचा श्वास वाढतो. खाणारी तोंडे वाढली आणि कणगी आटली, अशी उन्हाळ्यातली अवस्था. मुळांची जुडी मोठी झालेली असेल आणि पंप बंद पडला, तर टबातला प्राणवायू काही तासांत संपतो.

पंपाचे बुडबुडे पाहून वाटते की तेच मुळांना हवा पाजतात. थोडी पाजतातही. पण त्यांचे मोठे काम पाणी ढवळण्याचे आहे. खालचे पाणी वर येते, वरच्या हवेला लागते, प्राणवायू घेते आणि पुन्हा खाली जाते. दूध वरखाली ओतून निववतो ना, तसेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

हा शोध आजचा नाही. इंग्लंडात जॉन वुडवर्ड नावाच्या गृहस्थांनी १६९९ मध्ये पुदिना नुसत्या पाण्यात वाढवून पाहिला. पावसाच्या पाण्यात तो थोडा वाढला, थेम्स नदीच्या पाण्यात जास्त आणि बागेची माती मिसळलेल्या पाण्यात त्याहून जास्त. म्हणजे झाड नुसत्या पाण्यावर जगत नाही, पाण्यात विरघळलेले काही तरी त्याला लागते, हे त्यांनी दाखवले. ते काही तरी म्हणजे कोणते क्षार, हे पुढे १८६० च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि क्नोप या शास्त्रज्ञांनी शोधले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या गेरिक या प्राध्यापकांनी १९२९ पासून हौदात टोमॅटो वाढवले. वेल पंचवीस फूट उंच गेले, वर्तमानपत्रांनी गवगवा केला आणि लोकांना वाटले, आता शेत नको आणि नांगर नको. तेव्हा त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी नीट प्रयोग करून १९३८ मध्ये एक पुस्तिका काढली. त्यांचे म्हणणे असे की सारखी हवा, सारखा उजेड आणि सारखी निगा दिली, तर चांगल्या जमिनीतले पीक आणि पाण्यातले पीक यांत फार मोठे अंतर पडत नाही. आपल्या देशातही १९४६ मध्ये दार्जिलिंग जिल्ह्यात कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी मातीवाचून भाजी काढण्याचे प्रयोग केले. त्यांनी खडी-वाळूत क्षारांचे पाणी देण्याची पद्धत घेतली. हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच की ही पद्धत जादू नाही आणि लबाडीही नाही. ती शेतीची एक रीत आहे. जिथे माती नाही तिथे तिचे मोल, आणि जिथे चांगली माती आहे तिथे मातीच बरी.

आता कृती सांगते, कारण वही-पेन्सिल घेऊन आलेल्या काही जणी मला समोर दिसत आहेत.

टब गडद रंगाचा घ्यावा. पांढरा असेल तर बाहेरून काळा रंग द्यावा किंवा काळे कापड गुंडाळावे. उजेड आत शिरला की पाण्यात शेवाळ होते आणि ते रात्री मुळांच्या वाटणीचा प्राणवायू खाते. रोपे आधी नारळाच्या भुशात तयार करावीत. चार पाने आली की जाळीच्या वाटीत बसवावीत. पहिल्या दिवसांत पाणी वाटीच्या बुडाला जेमतेम टेकेल इतके ठेवावे आणि मुळे खाली उतरली की पाणी दोन बोटे खाली घ्यावे. म्हणजे वरची मुळे दमट हवेत आणि खालची पाण्यात राहतात.

क्षारांची नावे ऐकून घाबरू नका. ज्यांची माहेरे द्राक्षबागेतली आहेत त्यांना ती पाठच असतील. माझा दादा ठिबकातून देतो तीच ही खते. वीस लिटर पाण्याला मी कॅल्शियम नायट्रेट १२ ग्रॅम, १३:०:४५ हे ८ ग्रॅम, ०:५२:३४ हे ३ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ६ ग्रॅम घेते. शिवाय सूक्ष्म अन्नद्रव्यांची चिलेटेड पूड पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. त्यात लोह असतेच. लहान रोपांना हे सगळे निम्मे. वजनाला सोनाराकडे असतो तसा लहान काटा लागतो, चमच्याच्या अंदाजाने हे काम होत नाही. पुष्कळ जणी विचारतात, १९:१९:१९ चालेल का? ते मातीत चांगले. पण त्यात कॅल्शियम नाही आणि त्यातला बराच नत्र युरियाच्या रूपात असतो. युरियाचे रूपांतर करणारे जिवाणू मातीत भरपूर असतात, टबात नसतात.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. कॅल्शियम नायट्रेट एका तांब्यात आणि बाकीचे क्षार दुसऱ्या तांब्यात विरघळवावेत. टब पाण्याने भरून घ्यावा, एक तांब्या ओतावा, ढवळावे आणि मग दुसरा ओतावा. दाट पाणी एकमेकांत मिसळले की पांढरा साका तळाशी बसतो. तो साका म्हणजे झाडाचे वाया गेलेले अन्न.

दोन मोजमापे ठेवावी लागतात. एक, पाण्यात क्षार किती आहेत ते दाखवणारा पेनासारखा मापक. आमच्या नळाचे पाणी त्यावर दीडशेच्या आसपास दाखवते, क्षार घातल्यावर आठशे ते नऊशे. बोअरचे पाणी आधीच सहाशे-सातशे दाखवत असेल तर ते या कामाला घेऊ नये. दुसरे मोजमाप आंबटपणाचे. थेंब टाकले की रंग बदलतो आणि तो रंग तक्त्याशी जुळवायचा. साडेपाच ते साडेसहा यांमध्ये पाणी असावे. त्याच्या वर गेले तर पाण्यात लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. पाणी उतरवण्यासाठी आम्लाचे थेंब मिळतात. ती बाटली मात्र मुलांच्या हाताला लागणार नाही अशी, कडीकुलपात ठेवावी. दर पंधरवड्याला सगळे पाणी बदलावे. जुने पाणी मोरीत ओतू नये. साध्या पाण्यात मिसळून ते फुलझाडांना घालावे. आमच्या खालच्या काकूंची जास्वंद त्यावर खूश आहे.

पंप ठेवण्याची जागा महत्त्वाची. पंप नेहमी टबातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, फळीवर ठेवावा. पूर्वी आपण नळीने डब्यातले रॉकेल काढत असू, ते आठवा. वीज गेली की तसेच पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. आणि विजेच्या वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाण्याचा थेंब वायरीवरून बटणापर्यंत न जाता तिथेच गळून पडतो.

शेजाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट डासांची. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. म्हणून झाकण घट्ट हवे आणि रिकामे भोक एकही उघडे नको. रोप काढले की तिथे बूच किंवा कापडाचा बोळा. ज्या दिवशी पंप बंद करून टब बाजूला ठेवाल, त्याच दिवशी तो उपडा करा. आपली हौस शेजारच्या लेकराच्या तापाचे कारण होता कामा नये.

काय पिकते? पुदिना आणि सॅलडची पाने फार छान. माठ बरा. पालक थंडीत चांगला, उन्हात त्याची मुळे लवकर सडतात. मेथी होते, पण मला विचाराल तर मेथीची चव मातीतच. मुळा, गाजर, बटाटा यांच्या नादी लागू नये. "ही रसायनांची भाजी का?" असेही विचारतात. झाड मातीतूनही हेच क्षार पाण्यात विरघळलेल्या रूपात घेते. शेणखत कुजून शेवटी त्याचेही हेच क्षार होतात. म्हणून ही भाजी विषारी नाही. पण मातीतल्या भाजीपेक्षा ती जास्त पौष्टिक, असेही मी म्हणणार नाही. रोज सकाळी ताजी, आपल्या हाताची, एवढे तिचे कौतुक पुरे.

मुळे रोज पाहावीत. पांढरी, चरचरीत असली की सगळे ठीक. तपकिरी झाली, बुळबुळीत लागली, वास मारू लागला, म्हणजे हवा कमी पडली आणि सडवणारी बुरशी शिरली. उन्हाळ्यात मी टबाला ओले गोणपाट गुंडाळते आणि दुपारी गोठवलेल्या पाण्याची बाटली आत सोडते. तरीही एप्रिल ते जून सॅलडच्या पानांना सुट्टीच द्यावी लागते. पाने कडवट होतात आणि तुरा येतो.

आता ज्या रात्रीमुळे मी आज इतक्या आग्रहाने बोलते आहे, ती सांगते. गेल्या वर्षी एप्रिलचा पहिला आठवडा. शेवटची पाने काढायला आठ दिवस होते. संध्याकाळी सातला आमच्या भागातले रोहित्र जळाले. वीज दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आली. चौदा तास! दोन टबांत बारा रोपे, मुळांच्या जुड्या हातभर. मी काय केले? दोन्ही टबांतले पाणी चार बोटे कमी केले, म्हणजे वरची मुळे हवेत आली. मग दर तासाला झाकण उचलून तांब्याने पाणी घ्यायचे आणि हातभर उंचीवरून त्याच टबात ओतायचे. एकेका टबाला वीस-वीस वेळा. दूध निववण्याची तीच रीत. बारापर्यंत मुलगी जोडीला होती, नंतर तिला झोपवले. पहाटेपर्यंत मी आणि घड्याळ. सकाळी दोन रोपे मलूल दिसली, दुपारपर्यंत तीही सावरली. बाराच्या बारा वाचली. त्यानंतर मी बॅटरीवर चालणारा एक लहान पंप घेतला.

हे शौर्य म्हणून सांगत नाही. सांगते ते यासाठी की बारा रोपे तांब्याने वाचतात. चारशे रोपे तांब्याने वाचत नाहीत. मातीतल्या झाडाला आपण दोन दिवस विसरलो तरी माती त्याला सांभाळून घेते. मातीच्या कणांमध्ये हवा असते, ओल असते, अन्न असते. पाण्यातल्या झाडाला असा कोणी पाठीराखा नाही. त्याचा श्वास एका वायरीला बांधलेला आहे. टब जितके वाढतील तितके हे ओझे वाढेल. आणि ते ओझे उचलायला रात्री-अपरात्री, उन्हाळ्या-पावसाळ्यात जागेवर कोणीतरी हवे.

आता पैशांचे पाहू. माझ्या दोन टबांचा हिशेब वहीत आहे, कोणीही येऊन पाहावा. सुरुवातीचा खर्च टब, पंप, वाट्या, मापक, काटा आणि क्षार मिळून २,३०० रुपये. रोप टबात बसवल्यापासून पस्तीस दिवसांत बारा गड्डे, प्रत्येकी साधारण दीडशे ग्रॅम. म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम. एका हॉटेलवाल्यांनी मला किलोला शंभर ते दीडशे रुपये भाव सांगितला. सरासरी सव्वाशे धरला तर २२५ रुपये. त्यातून क्षार ४५, बी १५ आणि वीज ४० वजा. पंप पाच वॉटचा, पस्तीस दिवसांत जेमतेम सव्वाचार युनिट. उरले १२५ रुपये. माझ्या मेहनतीचे मी काही धरलेले नाही. आम्ही तो माल विकला नाही, खाल्ला आणि वाटला. हौसेला आणि घरच्या ताटाला हे फार छान आहे. पण प्रपंच यावर चालत नाही.

मोठ्या संचाचे जे गृहस्थ येऊन गेले त्यांच्या कागदावर चारशे रोपे आणि महिन्याला तीस हजार रुपये असे लिहिले आहे. आपण सातवीच्या गणिताने पाहू. चारशे रोपे, दीडशे ग्रॅम प्रत्येकी, म्हणजे साठ किलो. सव्वाशे रुपयांनी साडेसात हजार. तेही पस्तीस दिवसांचे, म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांच्या आत. एकही रोप मेले नाही आणि सगळा माल विकला गेला असे धरून. त्यातून वीज, क्षार, बी आणि पोचवण्याचे भाडे जायचे. उन्हाळ्याचे तीन महिने वजा जायचे. तीस हजार कोठून येतात ते मला या गणितात सापडले नाही. कदाचित त्यांना सापडत असेल, तर त्यांनी ते आपल्यासमोर फळ्यावर मांडून दाखवावे.

मला हे बोलणे जड जाते आहे. आपल्यातल्या दोघी-तिघी जणी या कामाकडे आशेने पाहत आहेत. त्यांना चार पैशांची खरी गरज आहे आणि ती मी जाणते. म्हणूनच बोलते. मंडळाचे पैसे बुडाले तर मंडळ पुन्हा पापड लाटील. पण त्या भगिनींनी दुसरे हातातले काम सोडून वर्षभर इथे राबावे आणि शेवटी रिकाम्या हाताने घरी जावे, हे आपल्या हातून घडू नये.

म्हणून माझी सूचना अशी. दीड लाख बाजूला राहू द्यात. त्यातले फक्त आठ हजार काढावेत. त्यात सहा टब, बॅटरीचा पंप आणि मोजमापाचे सामान येते. मंडळाच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर ते ठेवावेत. तीन जणींनी पाळीने पाहावेत आणि रोजची वही ठेवावी. वहीत पाण्याची उष्णता, मापकाचा आकडा, वीज किती तास गेली, किती रोपे गेली, किती माल निघाला आणि कोणी किती रुपयांना घेतला, हे सगळे यावे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. तोवर मोठ्या संचवाल्यांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. वीज बारा तास गेली तर तुमच्या संचात मुळांना हवा कशी मिळेल? माल कोण घेणार आणि कोणत्या भावाने? आणि एप्रिल-मेमध्ये पाणी थंड कसे ठेवणार? ज्याच्याजवळ उत्तरे आहेत तो लिहून देईल.

ज्यांना विजेची कटकटच नको, त्यांच्यासाठी हवाई विद्यापीठातल्या क्रॅटकी या प्राध्यापकांनी पंपाशिवायची रीत सांगितलेली आहे. टब एकदाच भरायचा. झाड पाणी पीत जाते, पातळी खाली जाते आणि वरच्या मोकळ्या जागेत मुळांना हवा मिळते. मधे पुन्हा काठोकाठ मात्र भरायचे नाही, कारण हवेला सरावलेली मुळे बुडून गुदमरतात. सॅलडच्या एका पिकाला हे पुरते. आपल्या सहा टबांतले दोन या रीतीने लावून पाहावेत, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल.

ज्यांना टब पाहायचे आहेत त्यांनी कोणत्याही दिवशी सकाळी आठनंतर घरी यावे. झाकण उचलून मुळे दाखवीन, पुदिन्याच्या काड्या लावायला देईन आणि चहाही देईन. वहीतली क्षारांची वजने ज्यांना हवी असतील त्यांनी उतरवून घ्यावीत.

मी काही चुकीचे मांडले असे कोणा जाणत्या भगिनीला वाटले तर सभेत जरूर सांगावे.